हातोडीवरचं कुंकू

१

नवमीच्या दिवशी चेन्नईतल्या गिंडीच्या औद्योगिक वसाहतीत कोणी पान्यालासुद्धा हात लावत नाही. यंत्रं धुऊनपुसून, गंध-कुंकू लावून, झेंडूच्या माळा घालून आयुधपूजेला बसवलेली असतात. हातोड्या, पाने, पकडी सगळं एका पाटावर मांडलेलं असतं. दशमीला सकाळी कलश तांदळावरून उचलून जरासा उत्तरेला सरकवला की पूजा उतरली. मग ज्याने त्याने आपलं हत्यार उचलायचं आणि वर्षाचा पहिला घाव काहीतरी घडवण्यासाठी घालायचा. ही रीत तिथे कोणी कोणाला शिकवत नाही, ती असतेच.

त्या दशमीला वेंकटच्या कारखान्याचं शटर एकोजी फोरमनने वर केलं, आत पाहिलं आणि तो तिथेच उंबऱ्यावर बसला. संगणकावर चालणाऱ्या नव्या सीएनसी लेथचं कंट्रोल पॅनेल कोणीतरी ठेचून काढलं होतं. स्क्रीनचा चुरा फरशीवर पसरला होता आणि वायरी बाहेर लोंबत होत्या.

श्रीरंजनी तांबरमहून लोकलने पोचली तेव्हा वेंकट त्या यंत्रासमोर खुर्ची टाकून बसला होता. ही त्याची थोरली बहीण. पन्नाशी ओलांडलेली, बिनलग्नाची, आणि आयुष्यभर विमा कंपन्यांसाठी खोटे दावे हुडकून काढलेली बाई. तिच्यासमोर माणसं गप्पा मारून जात आणि आपण काय बोलून बसलो हे त्यांना घरी गेल्यावर उमगे. आई गेली तेव्हा वेंकट शाळेत होता, त्याला तिनेच वाढवलं. जगात तिला कोणाचीच भीती वाटत नसे, वाटे ती फक्त त्याच्यासाठी.

"अक्का, कोणी केलं मणून विचारूं नक्को," वेंकट घरच्या तंजावरी मराठीत म्हणाला. "मला ठावं आहे."

"काय ठावं आहे?"

"तो रणवीर. दुसरं कोण?"

तो ओरडला असता तर तिला बरं वाटलं असतं. लहानपणापासून तो ओरडला की दहा मिनिटांत निवायचा. आज त्याचा आवाज बँकेतल्या माणसासारखा होता.

"मी मशीन बघते. चार लोकांना विचारते. तोवर तू काही करायचं नाहीस," ती म्हणाली.

"सरि. दिवे लागेपर्यंत तू अस्कं, सगळं विचार. दिवे लागले की मी जातों."

"कुठे?"

"त्याच्याकडे."

"जाऊन काय करशील?"

वेंकटने खिशातून टेंपोची किल्ली काढून मांडीवर ठेवली. 

२

आता हा रणवीर कोण, ते सांगायला हवं.

बरोबर गेल्या आयुधपूजेला वेंकटने कारखान्याच्या फाटकासमोर कोहळा फोडला होता. आत कुंकू भरायचं, वर कापूर पेटवायचा, यंत्रांवरून ओवाळायचा आणि रस्त्यात आपटायचा. दृष्ट त्याच्यात उतरलेली असते, म्हणून तुकड्यांना पुन्हा हात लावायचा नाही. सारी चेन्नई हेच करते. दरवर्षी पोलीस हात जोडून सांगतात की बाबांनो, रस्त्यात फोडू नका, आणि दरवर्षी लोक ती विनंती वाचून कोहळा घ्यायला बाजारात जातात.

अर्ध्या तासाने त्या लालभडक तुकड्यांवरून एका बाईची स्कूटर घसरली. नंदिता तिचं नाव. नाशिकहून नवऱ्याच्या नोकरीपायी आलेली, दातांची डॉक्टर. उजव्या मनगटाचा चुरा झाला. पट्ट्या घातल्या, स्क्रू घातले, पण बोटांत पकड आली नाही. दातांच्या डॉक्टरला पकड नसेल तर तिने करायचं काय?

तिचा नवरा रणवीर कारखान्यात आला होता. त्याला पैसे नको होते. एवढंच ऐकायचं होतं की चुकलं. वेंकटच्या दारात तेव्हा गिऱ्हाईक उभं होतं, वेंकटने रणवीरला इंग्रजीत फटकारलं, "रस्ता पाहून गाडी चालवायची." एक शब्द वेगळा निघाला असता तर सगळं तिथेच मिटलं असतं.

आठवड्याने वेंकटच्या टेंपोचे टायर फाडलेले सापडले. वेंकटने टेंपो रणवीरच्या इमारतीच्या तोंडाशी आडवा लावला, आणि नंदिताची शस्त्रक्रियेची वेळ चुकली. मग कोणीतरी प्रदूषण मंडळाला कळवलं की या कारखान्याचं तेल गटारात जातं. कारखान्याला टाळं लागलं, ते दिवाळीनंतर निघालं. वेंकटने टायर फाडतानाचा कॅमेऱ्यातला तुकडा रणवीरच्या कंपनीला पाठवला. रणवीरची नोकरी गेली.

दोघं एकमेकांशी धड दहा वाक्यं बोलले नव्हते. दोघांची घरची भाषा मराठीच आहे, वेंकटची पिढ्यानपिढ्या तंजावरची आणि रणवीरची नाशिकची, हे कळायला त्यांना सहा महिने लागले. कळल्यावर एवढंच झालं की शिव्या देणं सोपं गेलं.

श्रीरंजनीने वर्षभर रणवीरला फोन करून, वेंकटला समजावून दोघांमध्ये पडायचा प्रयत्न केला होता. वेंकट तिचं ऐकून घ्यायचा, मान डोलवायचा आणि पुढचा डाव टाकायचा. काल तर त्याने मुद्दाम, गेल्या वर्षीपेक्षा मोठा कोहळा आणून, त्याच जागी फोडला होता.

३

यंत्राजवळ ती बराच वेळ उभी राहिली. खोटे दावे पाहून पाहून तिला एक सवय लागली होती. काय मोडलं याच्याआधी काय मोडलं नाही ते ती बघे.

घाव घातला होता एका लोखंडी सळईने. ती तिथेच टाकून दिलेली होती, शटरमागच्या भंगाराच्या ढिगातली, गंजकी. आणि यंत्रापासून हाताच्या अंतरावर पूजेचा पाट होता. पाटावर वडिलांची जड हातोडी होती, याच हातोडीवर त्यांनी कारखाना उभा केला. तिच्यावरचं कुंकवाचं बोट जसंच्या तसं होतं. शेजारी कलशाला लेथवरची झेंडूची माळ नीट गुंडाळून ठेवलेली होती. कलश पाटाच्या कडेला होता आणि मधल्या तांदळाच्या राशीत त्याच्या बुडाचा गोल खळगा दिसत होता.

"एकोजी, शटरला कुलूप होतं?"

एकोजी तिच्या वडिलांच्या वेळचा माणूस. तो अजून उंबऱ्यावरच होता.

"होतं की. मीच उघडलं. एक किल्ली माझ्याकडे, एक वेंकटच्या घरी खिळ्याला."

"मग आत येणार कुठून?"

त्याने मागच्या भिंतीकडे बोट केलं. तिथे वर मोठं गोल भोक होतं, आरपार आकाश दिसत होतं.

"पूजेला मणून हवेचा पंखा काढून धुतला. काल बसवायचा राहिला."

"आज तरी बसवायचा. कालपासून भोक उघडं आहे."

"कसा बसवूं?" एकोजी जरा दुखावून म्हणाला. "पूजा उतरली नाही अजून, मालकीणबाईच उतरवतात. लावण्यम्मा यायच्या आहेत. त्याच्याआधी पान्याला हात लावूं?"

श्रीरंजनीने मान हलवली आणि तो विषय सोडला. तिच्या डोक्यात तेव्हा दुसरंच होतं. बाहेरचा माणूस भोकातून आला असेल तर येताना हत्यार आणेल, नाहीतर हाताला पहिलं लागेल ते उचलेल. हाताशी हातोडी असताना शटरमागच्या अंधाऱ्या कोपऱ्यात जाऊन भंगार कोण उपसतो? आणि यंत्र फोडण्याआधी त्याची माळ काढून, गुंडाळून ठेवण्याची सभ्यता कोणाला सुचते?

"तुम्हाला हे मशीन आवडायचं नाही, एकोजी."

"नाहीच आवडत," तो सरळ म्हणाला. "हे आल्यापासून मी नुस्ता बटण दाबतों. पण मला मोडायचं असतं तर तोंड फोडलं नसतं, अक्का. आतल्या स्पिंडलला एक धक्का, बस. बाहेरून कोणाला कळलंही नसतं. हे ज्याने केलं त्याला मशीन ठावं नाही."

तिला ते पटलं. मग तिने मनात तो विचार आणला जो तिला आणायचा नव्हता. खुद्द मालकाने मोडलं असेल तर? असे मालक तिने डझनांनी पाहिले होते. पण ते सगळे अर्ध्या तासात विम्याचा विषय काढत, आणि वेंकट सकाळपासून रणवीरशिवाय दुसरं नावच घेत नव्हता.

म्हणजे हात घरच्या रीतीतला होता. आणि घरात माणसं होती तरी किती? तिने वेंकटकडे पाहिलं. तो पाटावरच्या हातोडीकडे बघत होता.

४

लावण्या दुपारी आली, हातात कॉफीचा थर्मास आणि सुंडलचा, म्हणजे उकडलेल्या चण्यांच्या उसळीचा डबा. वेंकटची बायको. बारीक चणीची, कमी बोलणारी, सासरच्या सगळ्या रीती स्वतःच्या करून घेतलेली. तिला पाहून श्रीरंजनीला नेहमीच वाटे की या पोरीला आपण आणखी जीव लावायला हवा होता.

"अक्का, आधी कॉफी घ्या," ती म्हणाली. फुटलेल्या यंत्राकडे तिने वळूनही पाहिलं नाही.

श्रीरंजनीने कॉफी घेतली. नवरात्रात कुठेही भेटल्या तरी बायका एकमेकींना कुंकू लावतात, म्हणून तिने कपाळ पुढे केलं. लावण्याने करंडा डाव्या हाताने उघडून तिच्यापुढे धरला.

"तुम्हीच घ्या, अक्का. उजवा हात भाजला आहे. वडे तळताना."

पदराखाली उजव्या तळव्याला फडकं बांधलेलं होतं. श्रीरंजनीने स्वतःच बोट बुडवलं.

"काल संध्याकाळी तू कुठे होतीस?" तिने सहज विचारल्यासारखं विचारलं.

"कोलू बघायला गेले होते. शेजारी, मग त्यांच्या बहिणीकडे."

यावर कोणी काय बोलणार? नवरात्रात पायऱ्यांवर मांडलेल्या बाहुल्या बघायला बायका घरोघर फिरतात, तांबूल म्हणून विड्याची पानं, नारळ आणि खण घेतात, देतात. त्या दिवसांत बाई गावात कुठेही सापडली तरी तिला कोणी विचारत नाही. श्रीरंजनीनेही पहिल्या माळेला लावण्याला तांबूल दिलं होतं. त्यातलं पोपटी खणाचं कापड श्रीरंजनीला दुसऱ्या कोणीतरी दिलेलं होतं, कोपऱ्यावर हळदीचा डाग होता आणि तो तिने घडीत आत दडपला होता. असली कापडं कोणी शिवत नाही, ती नुसती घरोघर फिरतात.

"लावण्या, तो आज काय करणार आहे तुला ठावं आहे?"

लावण्याने डब्याचं झाकण लावलं, काढलं, पुन्हा लावलं.

"तुम्ही थांबवा त्यांना," ती म्हणाली. "माझ्याने काही होत नाही, अक्का. मी जे करते ते उलटंच होतं."

हे वाक्य श्रीरंजनीच्या कानांवरून गेलं. ती तेव्हा घड्याळ बघत होती. रणवीरला भेटल्याशिवाय तिची खात्री होणार नव्हती, आणि दिवेलागणीला फार वेळ उरला नव्हता.

५

शेजारच्या आदंबाक्कममधल्या फ्लॅटचं दार रणवीरने साखळी न काढता उघडलं.

"मी वेंकटची बहीण."

"ओळखलं. आता काय राहिलंय, ताई?"

"काल संध्याकाळी तुम्ही कुठे होतात, एवढंच विचारायचं आहे."

तो हसला. दाढी वाढलेली, डोळे तांबारलेले. पूर्वी हा माणूस देखणा असणार, असं तिला वाटलं.

"तुमच्या भावाच्या फाटकासमोर. खोटं कशाला बोलू? यंदा तरी रस्त्यात फोडतो का ते बघायला गेलो होतो. फोडला त्याने. हसत हसत फोडला. मी तुकडे उचलून बाजूला केले आणि घरी आलो."

"आत गेला नाहीत?"

"कशाला जाऊ? काय झालंय आत?"

ती त्याच्या चेहऱ्याकडे बघत होती. यंत्र फुटल्याचं तिने सांगितलं, तेव्हा त्याला आधी आनंद झाला, आणि मग ते आपण केलेलं नाही याचं वाईट वाटलं. हे दोन्ही त्याच्या चेहऱ्यावर एकापाठोपाठ एक इतकं उघड आलं की असलं सोंग कोणाला आणता येणार नाही, अशी तिची खात्री झाली.

"रणवीर, त्यांना आत घे," मागून आवाज आला.

नंदिता सोफ्यावर होती. उजवा हात मांडीवर ठेवलेला, बोटं किंचित वाकलेली. ती कडवट नव्हती, दमलेली होती.

"तुमच्याकडच्या कोणीतरी बाई परवा येऊन गेल्या," ती म्हणाली. "नाव सांगितलं नाही. मराठी तुमच्यासारखंच, जुनं जुनं. दारातच रडल्या. माझा हात हातात घेऊन बसल्या."

"मला बोलली नाहीस," रणवीर म्हणाला.

"तू घरी नव्हतास. आणि तू काय केलं असतंस?" ती श्रीरंजनीकडे वळली. "त्यांनी विचारलं, काय दिलं तर हे थांबेल? मी म्हटलं, काही नाही थांबणार. माझा हात गेला, त्यांचा हात शाबूत आहे. रागात म्हटलं हो. नंतर मलाच कसंतरी झालं. जाताना त्या हे ठेवून गेल्या."

टेबलाखालून तिने डाव्या हाताने पिवळी कापडी पिशवी ओढली. नारळ, विड्याची पानं, हळदकुंकवाच्या पुड्या. आणि पोपटी खणाचं कापड.

श्रीरंजनीने ते उचललं, घडी उलगडली. कोपऱ्यावर हळदीचा डाग होता.

६

ती रस्त्यावर आली आणि एका दुकानाच्या पायरीवर बसली. आता सगळं आपोआप जुळत गेलं, आणि ते जुळू नये असं तिला मनापासून वाटत होतं.

लावण्या इथे येऊन गेली. त्यांचा हात शाबूत आहे, हे ऐकून गेली. वेंकटचा हात म्हणजे काय? ते यंत्र. काल संध्याकाळी ती कोलूच्या नावाने निघाली, खिळ्यावरची किल्ली घेऊन. आणि मुख्य म्हणजे तो कलश. एकोजी सकाळी म्हणाला होता की पूजा उतरलेली नाही, लावण्यम्मा यायच्या आहेत. पण तेव्हाच कलश तांदळावरून हललेला होता. म्हणजे कोणीतरी आदल्या संध्याकाळीच पूजा उतरवली, यंत्रावरची माळ काढली आणि मग घाव घातला. देवीला आधी निरोप दिल्याशिवाय जिला यंत्राला हात लावता आला नाही अशी एकच बाई त्या घरात होती. आणि आज सकाळपासून जिला उजव्या हाताने कुंकू लावता येत नव्हतं तीही तीच.

तिने फोन लावला. लावण्याने पहिल्या घंटीला उचलला, वाटच बघत असल्यासारखा.

"लावण्या, हातोडी का नाही उचललीस?"

पलीकडे दार लावल्याचा आवाज आला.

"मामंजींची हातोडी, अक्का. कलश हलवला तरी वर्षाचा पहिला घाव मोडायला घालूं? नक्को मण्लं. सळई घेतली. ती हातात घुसली." तिचा आवाज फुटला. "त्या बाईची बोटं बघितलीत तुम्ही? मला वाटलं, यांचंही काहीतरी जाऊं दे. बरोबरी होऊं दे. मग तिला जाऊन सांगणार होते, झालं, आता पुरे करा."

"आणि वेंकटला?"

"सकाळी सांगणार होते. देवाशपथ सांगणार होते. पण त्यांनी मशीन बघून फोन केला आणि पहिला शब्द काढला तो रणवीर. मग माझी जीभच हलेना. ते त्याच्यावर घालतील हे माझ्या डोक्यातच नाही आलं, अक्का. मी नुस्ती बरोबरी बघितली."

श्रीरंजनीने डोळे मिटले. तिला लावण्याचा राग यायला हवा होता, पण आला नाही. वर्षभर एवढे शहाणे लोक बोलत राहिले, आणि त्या दोन पुरुषांमधलं काहीतरी खरोखर फेडायला ही एकटी उठली होती. तेही स्वतःच्याच नवऱ्याचं मोडून, चुकीच्या रीतीने.

"मी येते. मी तिथे असताना त्याला सांग. मी तुझ्या शेजारी उभी राहते," ती म्हणाली.

तिला वाटलं, खरं काय ते कळलं की हे संपेल. आयुष्यभर तिने तेच तर केलं होतं, खरं शोधायचं आणि कागद मिटवायचा. रिक्षा मिळेना, दसऱ्याच्या माळा घातलेल्या गाड्या भरभरून चालल्या होत्या. शेवटी ती चालत सुटली.

७

ती पोचली तेव्हा रस्त्यावरचे दिवे नुकतेच लागले होते. वेंकट उभा होता, टेंपोची किल्ली हातात घेऊन. एकोजी भिंतीला टेकून बसला होता.

लावण्याने सगळं सांगितलं. मध्ये थांबली नाही, रडली नाही, काही गाळलं नाही. फडकं सोडून तिने तळवा दाखवला. सळईने कातडी सोलून काढली होती.

वेंकटने तो हात आपल्या हातात घेतला. इतक्या हळुवारपणे की श्रीरंजनीला वाटलं, सुटलो. ती मनातल्या मनात देवाला हात जोडू लागली.

"तू तिच्या घरी गेलीस," वेंकट म्हणाला.

"हो."

"आणि ती मण्ली, माझा हात शाबूत आहे मणून."

"रागात मण्ली ती. तिचं तसं..."

"आणि तू येऊन माझं मशीन फोडलंस. स्वतःचा हात फोडून घेतलास." तो अजून तिचा तळवा न्याहाळत होता. "बघितलंस, अक्का? नवरा बाहेरून मारतो. बायको घरात शिरून, माझ्याच बायकोच्या हाताने मारते. मी याला नुस्तं मशीन मणत होतों."

"वेंकट, तिने काहीही केलं नाही. ती एक दमलेली बाई आहे. तू तिला बघ तरी एकदा."

"तू बघितलंस ना. पोदुम, पुरे."

"रणवीर आत शिरलाच नाही. त्याने रस्त्यातले तुझ्या कोहळ्याचे तुकडे उचलले, दुसरं कोणी पडू नये म्हणून. ऐकतोयस का तू?"

तो ऐकत होता. तेच तर भयंकर होतं. प्रत्येक शब्द त्याच्या कानांत जात होता आणि आत जाऊन दुसरंच काही होत होतं. तिने शोधून आणलेलं खरं त्याने तिच्या हातून घेतलं, आणि ते त्याला हवं तसं बसलं.

त्याने लावण्याचा हात सोडला. पाटाकडे गेला, वाकला आणि वडिलांची हातोडी उचलली. कुंकवाचं बोट त्याच्या अंगठ्याखाली पुसलं गेलं.

"ठेव ती," एकोजी उठून म्हणाला. त्याने कधीच मालकाला असं दरडावलं नव्हतं. "वर्षाचा पहिला घाव आहे, वेंकट."

"पूजा उतरली आहे, मामा. माझ्या बायकोनेच उतरवली. आज दशमी. आज हत्यार उचलायचंच असतं."

श्रीरंजनीने टेंपोचा दरवाजा धरला. तो लहान असताना शाळेच्या फाटकात तिचा हात असाच धरून ठेवायचा आणि ती त्याचं एकेक बोट सोडवून कामाला जायची. आता त्याने तिची बोटं सोडवली, एकेक करून, न दुखवता. चाकाखाली ठेवलेली पूजेची लिंबं फुटली आणि टेंपो वळणाआड गेला.

तिने पोलिसांना फोन केला. पत्ता दोनदा सांगितला, गाडी पाठवतो म्हणाले. मग तिने रणवीरला फोन केला.

"तो निघाला आहे. हातात हातोडी आहे. दार लावून घ्या, नंदिताला घेऊन आतल्या खोलीत बसा. तुमच्या पाया पडते."

"तुम्ही तो खण ओळखलात तेव्हाच कळलं, ती बाई कोण ते," रणवीर म्हणाला. मागे रहदारीचा आवाज होता. "त्याची बायको माझ्या घरात येऊन माझ्या बायकोला रडवून गेली, आणि मला पत्ताही नाही. ताई, मी वर नाहीये. मी खाली फाटकात उभा आहे. त्याला येऊ दे."

फोन बंद झाला. तिने परत लावला. तो वाजत राहिला.

एकोजी सायकल घेऊन निघाला होता, त्या वयात, त्या टेंपोच्या मागे. श्रीरंजनी रस्त्याच्या मधोमध उभी राहून येणाऱ्या प्रत्येक रिक्षाला हात करत होती. एकही थांबत नव्हती. शेवटी ती वळली, लावण्याला बरोबर घ्यावं म्हणून.

लावण्या फुटलेल्या काचांमध्ये पाटासमोर गुडघ्यांवर बसली होती. सोललेल्या हाताने तिने कलश उचलला आणि तांदळाच्या राशीतल्या त्या गोल खळग्यात परत बसवला. मग माळ घेतली, उठून लेथच्या मोडक्या तोंडावर चढवली.

"परत बसवली, अक्का," ती म्हणाली. "पूजा उतरलीच नाही. आता कोणी हत्याराला हात लावायचा नाही."

आणि हातोडीच्या रिकाम्या जागेवर तिने कुंकवाचं बोट टेकवलं.